सरखेल कान्होजी आंग्रे : किल्ल्यावरील शिपाई ते आरमाराचे कारभारी

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापडाच्या पेढीवर बसलेला माणूस. इतिहास हा माझ्या आवडीचा विषय, अधिकाराचा नव्हे. आपण अहिंसेचे उपासक. मग या व्यासपीठावरून एका सेनानीचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. मला कान्होजींच्या तलवारीविषयी नव्हे, तर त्यांच्या कारभाराविषयी बोलावयाचे आहे.

तरुणपणी मी वडिलांसमवेत सुरतेहून माल आणीत असे. त्या काळी जकात नाक्यावर पावती फाडावी लागे. एकदा आमच्या दोन गाठी वाटेतच गहाळ झाल्या. सर्व पावत्या हातात, माल मात्र नाही! वडील शांतपणे म्हणाले, "पैसे घेणारे पुष्कळ भेटतील, घेतल्यावर जबाबदारी घेणारा एखादाच." हे वाक्य मला कान्होजींचे चरित्र वाचताना पुन्हा आठवले.

कान्होजींचे वडील तुकोजी हे स्वराज्याच्या सेवेत होते. स्वतः कान्होजींची कारकीर्द हर्णैसमोरील सुवर्णदुर्गावर घडली. मोगल व जंजिऱ्याचे सिद्दी कोकण गिळू पाहत असताना त्यांनी तो जलदुर्ग राखला. सिधोजी गुजर यांच्या पश्चात १६९८ च्या सुमारास आरमाराची धुरा त्यांच्याकडे आली. किल्ल्याच्या तटावरचा योद्धा अशा रीतीने समुद्राचा कारभारी झाला.

छत्रपती शाहू महाराज आणि महाराणी ताराबाई यांच्या संघर्षात कान्होजी प्रथम ताराबाईंच्या पक्षात होते. त्यांच्यावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच त्यांनी कैद केले. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथ वाटाघाटीस गेले. त्यांनी शस्त्राने नव्हे, तर समजुतीने प्रश्न सोडविला. शाहू महाराजांनी सरखेलपद कायम केले आणि कान्होजींनी पिंगळ्यांची मुक्तता केली. भांडणाचा खर्च दोन्ही बाजूंना भरावा लागतो, हे दोघेही जाणत होते.

आरमार केवळ शौर्यावर चालत नाही. त्याला सागवान लागतो, दोर लागतात, शिडांसाठी जाड कापड लागते आणि खलाशांचा पगार वेळेवर द्यावा लागतो. मोठ्या गुराबा तोफा वाहत. वारा पडला की चाळीस-पन्नास वल्ह्यांची गलबते त्यांना ओढून नेत. एवढ्या डोलाऱ्यासाठी उत्पन्न हवे. ते उत्पन्न म्हणजे दस्तक. व्यापाऱ्याने ठरलेली रक्कम भरून परवाना घ्यावा आणि सरखेलांनी त्याच्या जहाजास सुरक्षित वाट द्यावी, असा तो व्यवहार. परवाना नसलेल्या जहाजाला मात्र जप्तीचा धाक असे, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले. वादाचे मूळ असे, की इंग्रज आपल्या परवान्याखाली देशी व्यापाऱ्यांचा मालही नेऊ पाहत. कान्होजींना ते मान्य नव्हते. आपल्या किनाऱ्यावर परवाना देण्याचा अधिकार स्वराज्याचा, ही त्यांची भूमिका होती. १७१८ मध्ये इंग्रजांनी खांदेरीवर हल्ला केला. १७२१ मध्ये इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर आले. दोन्ही मोहिमा फसल्या. कुलाब्याच्या वेळी पहिले बाजीराव पेशवे साहाय्यास धावले. बाळाजी विश्वनाथांच्या समेटाचे हे फळच म्हणावे लागेल.

आपले येवले समुद्रापासून दूर आहे. तरीही एकोणिसाव्या शतकात आपल्या मागांना लागणारे कच्चे रेशीम मुंबईहून येत असे. समुद्र सुरक्षित असेल तरच घाटमाथ्यावरचे दुकान उघडे राहते.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र सेखोजी १७३३ मध्ये वारले आणि भावाभावांत दुफळी झाली. संभाजी आंग्रे विजयदुर्गाकडे, मानाजी कुलाब्याकडे! पुढे तुळाजी आंग्रे व नानासाहेब पेशवे यांचे वैर विकोपास गेले. पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात तुळाजींचे आरमार जळाले. जे शत्रूंना तीस वर्षांत जमले नाही, ते घरच्या कलहाने करून दाखविले.

स्वतंत्र भारताने १९५१ मध्ये मुंबईतील नौदल तळाला 'आय. एन. एस. आंग्रे' हे नाव देऊन त्यांचे ऋण मान्य केले.

बंधू-भगिनींनो, पन्नास वर्षे आपण समाजाकडून देणगी घेत आलो आणि पावती देत आलो. पावती म्हणजे आपण दिलेले दस्तक होय. ज्याने विश्वासाने रुपया दिला, त्याच्या रुपयाचे रक्षण करणे आणि मतभेद घरातच समजुतीने मिटविणे, या दोन गोष्टी साधल्या तर शतकमहोत्सवही दूर नाही.

 बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.