रेडिएटरही आपलाच विषय

(अकोला येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळी पोटगीवर चर्चा आणि दुपारी रेडिएटर, हे वाचून काहीजणी हसल्या. पण ज्यांच्या संस्थेकडे गाडी आहे त्यांनी जरा आठवून पाहावं. "गाडी बंद आहे, उद्या येतो" असं आपण वर्षभरात किती जणींना सांगितलं? उद्या त्या बाईला घरातून निघता येईलच असं नसतं. म्हणून हा विषय मी आग्रहाने घ्यायला लावला.

आपल्या बहुतेकींकडे जुनी मारुती व्हॅनच आहे. १९८४ साली ती आली, १९८८ मध्ये तिचं नाव ओमनी झालं, २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. सरकता दरवाजा, बाई-लेकरं-बोचकी सगळं मावतं, आणि जुनी असली की परवडते. इंजिन पुढच्या सीटखाली. इंजिनाची उष्णता पाणी उचलतं, ते पाणी समोरच्या रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून फिरून वाऱ्याने निवतं आणि पुन्हा इंजिनात जातं. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, म्हणजे जाळीवर येणारा वाराही भट्टीचाच. हिवाळ्यात जी गळती खपून जाते ती मे महिन्यात गाडी उभी करते.

गेल्या उन्हाळ्यात आमची व्हॅन अकोट रस्त्यावर गांधीग्रामच्या अलीकडे थांबली. रात्रीचे अकरा वाजले होते. आत एक बाई आणि तिची दोन मुलं. नवऱ्याने घराबाहेर काढलेलं, डोक्याला खोक, तिला जिल्हा स्त्री रुग्णालयात न्यायचं होतं. गाडी आमची कार्यकर्तीच चालवत होती. तापमानाचा काटा वर सरकताना दिसताच तिने गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. "अजून पंधरा किलोमीटर तर आहे, रेटू" असं ती म्हणाली नाही, हे फार महत्त्वाचं. तापलेलं इंजिन रेटलं की हेड वाकतं, गॅस्केट जातं, इंजिन ऑइलमध्ये पाणी मिसळून ते दुधाच्या चहासारखं दिसू लागतं. मग शेकड्यांचा खर्च हजारांवर जातो.

पाण्यासाठी आम्ही जवळच्या घराचं दार वाजवलं. आजी बाहेर आल्या. अंगणात बोअरचा हातपंप होता, मी तिकडे वळले तर म्हणाल्या, "थे नोको टाकू बाई. त्याच्यानं आमची भांडीकुंडी पांढरी होतात. थांब, प्याचं देतो." आणि घरातून दोन कळशा गोडं पाणी आणून दिलं.

बाहेरच्या वाचक मैत्रिणींसाठी सांगते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत मोठा खारपाणपट्टा आहे. इथलं भूजल खारं. इथल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी वणवण करत आल्या आहेत, त्यामुळे कुठलं पाणी कशाला चालतं हे त्यांना पाठ असतं. आमच्या गाडीत मात्र ड्रायव्हर मंडळींनी वर्षानुवर्षं जिथे जे मिळेल ते पाणी ओतलेलं होतं. खाऱ्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरतात आणि धातूही खातात. आजींनी भांड्यांवरून जे ओळखलं तेच रेडिएटरच्या पोटात चाललेलं होतं.

पाणी होतं, तरी आम्ही पाऊण तास थांबलो. गरम रेडिएटरची कॅप उघडायची नाही, कारण हा प्रेशर कुकरच आहे. दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही, पण झाकण काढताक्षणी ते तोंडावर येतं. बाई घाबरून विचारत होती, "आपण परत तर नाही ना चाललो?" त्या पाऊण तासाची किंमत मला कोणत्याही अहवालात लिहिता आली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजमध्ये गेली. मिस्त्री म्हणाले, "ताई, तुम्ही कायले आल्या? डायवरले पाठवा." गाडी चालवणारी शेजारीच उभी होती. त्यांचा सल्ला होता, डाग मारून देतो, पाचशेत काम. हाच डाग आधी दोनदा मारलेला होता. एका जुन्या ड्रायव्हरकाकांनी तर मूठभर हळद टाकायला सांगितलं. हे खोटं नाही हं, हळदीने बारीक भोक काही दिवस बुजतं. पण ती नळ्याही बुजवते. (हळद लावून निभावून न्यायचा सल्ला आपल्याला नवीन नाही!)

मग आमच्या बैठकीत वाद झाला. नवा रेडिएटर घेतला तर महिन्याभराचा प्रवासखर्च गेला असता. एका मैत्रिणीचं म्हणणं, देणगी बायांसाठी आहे, लोखंडासाठी नाही. तिच्या म्हणण्यात तथ्य आहे. देणगीदार गाडी देतात, गाडीवर आपलं नाव रंगवतात, पण दुरुस्तीचा खर्च त्यांना 'प्रशासकीय' वाटतो. तरीही माझं मत नव्याचंच होतं. डाग मारण्यात वाईट काही नाही. तांब्या-पितळेच्या रेडिएटरला एका जागी भोक असेल तर डाग वर्षानुवर्षं टिकतो. पण जाळी बोटाने दाबली की भुगा होतो, दोन-तीन जागी हिरवे-पांढरे डाग दिसतात, आत थर जमलाय, अशा वेळी एक भोक बुजवलं की दाब दुसरं शोधतो. अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची टाकी असेल, तर फुटलेल्या टाकीला डाग लागतच नाही.

आणि मुळात गळतंय कुठून हे आधी पाहा. कित्येकदा रबरी पाइप चिरलेला असतो, क्लिप ढिली असते, कॅपचं रबर गेलेलं असतं किंवा वॉटर पंप ठिबकत असतो. हे न बघता रेडिएटर बदलला तर पैसेही गेले आणि गळतीही राहिली. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, सकाळी थेंब कुठे पडलाय ते दिसेल.

आम्ही नवा बसवला. सोबत दोन्ही पाइप, क्लिपा आणि कॅप नवी घेतली. जुना तांब्या-पितळेचा होता, तो परत मागून घेतला. भंगारात त्याचे वजनावर पैसे येतात आणि ते गॅरेजवाल्याला सोडायचं कारण नाही. आत कूलंट आणि बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, निम्मं-निम्मं. कूलंटमुळे गंज धरत नाही आणि पाणी उशिरा उकळतं. पण ते विषारी आहे आणि चवीला गोड. सांडलेलं पुसून घ्या, काढलेलं उघड्या घमेल्यात ठेवू नका. लेकरू, कुत्रं, गाय कोणीही तोंड लावेल. काही मिस्त्री 'इकडे उन्हाळ्यात नको' म्हणून थर्मोस्टॅट काढून ठेवतात. आम्ही तो जागेवर बसवूनच घेतला. बिलावर प्रत्येक भागाचं नाव वेगळं लिहून मागितलं, तेव्हा मिस्त्रींचा सूर बदलला. आता ते आमच्या कार्यकर्तीशीच बोलतात.

गाडीत आता एक वही असते. ज्या दिवशी जी गाडी नेईल तिने निघण्यापूर्वी, इंजिन थंड असताना, पाण्याची पातळी बघून सही करायची. दहा लिटरचा गोड्या पाण्याचा कॅन मागच्या सीटखाली कायम.

बाहेर आमची व्हॅन उभी आहे, सकाळपासून चालवलेली नाही. पाच-पाच जणी या. पुढची सीट उचलून इंजिन दाखवते, मग प्रत्येकीने पाइप हाताने दाबून बघायचा आहे. ओढण्या आणि पदर खोचून घ्या, खाली पंखा आहे.