डोके दुखते, पण कसे?

(पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



एका शिक्षकाने डोकेदुखीवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. मी डॉक्टर नाही. मुलांना मराठी शिकवणारा माणूस आहे. औषध सुचविण्याचा मला अधिकार नाही आणि ते मी करणारही नाही. परंतु डोकेदुखीची एक गोष्ट अशी आहे की ती भाषेच्या शिक्षकाच्या प्रांतात येते. बहुतेक डोकेदुख्यांमध्ये रक्त तपासून किंवा फोटो काढून काही सापडत नाही. डॉक्टर निदान करतात ते प्रामुख्याने रोग्याने सांगितलेल्या हकिकतीवरून. हकिकत नीट सांगितली तर निदान नीट होते. हकिकतच अर्धवट असेल तर चांगला डॉक्टरही अडखळतो.

आणि या बाबतीत आपली मराठी मुळीच गरीब नाही. डोके जड होते, ठणकते, ठसठसते, भणभणते, आवळल्यासारखे वाटते, घण घातल्यासारखे होते, कळा येतात. यांतील प्रत्येक शब्दाचा अर्थ वेगळा आहे. एवढी शब्दसंपत्ती घरात असताना आपण मुलाला विचारतो काय, तर "फार दुखतंय का?" पुष्कळदा तेही विचारत नाही. गणिताच्या तासाला डोके दुखले की बहाणा, आणि घरकामाच्या वेळी दुखले की आळस, असा निकाल देऊन मोकळे होतो. आज मला एवढेच सांगावयाचे आहे की निकाल देण्यापूर्वी चौकशी करावी, आणि ती कशी करावी हे समजून घ्यावे.

प्रथम एक मूलभूत गोष्ट. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. वेदना होते ती मेंदूवरील आवरणांना, तेथील रक्तवाहिन्यांना, आणि डोके-मानेच्या स्नायूंना व नसांना. डोकेदुखीचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ साली प्रथम सर्व डोकेदुख्यांची पद्धतशीर वर्गवारी प्रसिद्ध केली. तिची तिसरी आवृत्ती २०१८ साली निघाली. त्या वर्गवारीत दोन मोठे गट आहेत. पहिल्या गटात डोकेदुखी हाच आजार असतो. दुसऱ्या गटात ती दुसऱ्याच कुठल्या तरी आजाराचा निरोप घेऊन आलेली असते. पहिला गट त्रासदायक खरा, पण सहसा जिवावर बेतणारा नाही. दुसऱ्या गटातील काही निरोप मात्र ताबडतोब वाचावे लागतात.

पहिल्या गटातील सर्वांत नेहमीची डोकेदुखी म्हणजे ताणाची. डोक्याभोवती घट्ट फडके बांधल्यासारखे दोन्ही बाजूंनी आवळते. दुखणे सौम्य वा मध्यम असते. माणूस कुरकुरत का होईना, काम करीत राहतो. जिना चढल्याने ते वाढत नाही, उलटी होत नाही. अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत ते टिकू शकते. परीक्षेचे दिवस, अपुरी झोप, मान वाकवून तासन् तास पुस्तकात किंवा मोबाईलमध्ये पाहणे, ही त्याची ओळखीची कारणे होत.

दुसरी अर्धशिशी, जिला इंग्रजी वळणाने मायग्रेन म्हणतात. हिच्या नावातच तिची खूण आहे. आयुर्वेदात तिला अर्धावभेदक म्हटले आहे, युनानी वैद्यकात शकीका, आणि मायग्रेन हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचाही अर्थ अर्धे डोके असाच. तीन वैद्यकपरंपरांनी एकाच खुणेवरून नाव द्यावे, इतकी ही व्याधी जुनी आणि सर्वत्रची आहे. यात पुष्कळदा एका बाजूला ठणके लागतात, मळमळते, उलटी होते, उजेड आणि आवाज सहन होत नाही. चालण्याफिरण्याने दुखणे वाढते, म्हणून माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. मोठ्या माणसात हा झटका चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतो. काहींना दुखणे सुरू होण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा दिसतात.

पालकांनी व शिक्षकांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लहान मुलांत अर्धशिशी अनेकदा अर्धी नसतेच. दोन्ही बाजूंना, कपाळावर दुखते. झटकाही लहान असतो, कधी दोनच तासांत संपतो. मूल उलटी करते, झोपते, आणि उठल्यावर हसत खेळायला जाते. मग आपण म्हणतो, "बघा, नाटक होते!" वस्तुतः झोपेने उतरणे हे मुलांमधील अर्धशिशीचे लक्षणच आहे. माझ्या वर्गातील एक मुलगी मधल्या सुटीच्या आधी बाकावर डोके टेकून बसे. चौकशी केली तेव्हा कळले की ती सकाळी काही न खाता येते, उन्हातून बरेच चालते, आणि तिच्या आईलाही असाच त्रास आहे. अर्धशिशी घराण्यात चालत येते, हे वैद्यकाने मान्य केलेले आहे. डॉक्टरांनी निदान केले; सकाळची भाकरी आणि पाण्याची बाटली सुरू झाली आणि झटके कमी झाले. ते पूर्ण थांबले असे मी म्हणणार नाही. पण तिला खोटारडी म्हणणे थांबले.

उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, झोपेची वेळ बदलणे आणि नेहमीचा चहा एकदम बंद होणे, ही चारही कारणे उपवासाच्या दिवसांत एकत्र येतात. म्हणून रमजानच्या पहिल्या काही रोजांत दुपारनंतर अनेकांचे डोके चढते. चहाची सवय आधीच्या दोन आठवड्यांत हळूहळू कमी करणे, सेहरी न चुकविणे आणि रात्री पुरेसे पाणी पिणे यांनी पुष्कळ फरक पडतो. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी रमजानपूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तिसरा प्रकार विरळ, पण फार भयंकर. त्याला क्लस्टर डोकेदुखी म्हणतात. एका डोळ्याच्या आत किंवा भोवती असह्य कळ येते, तोच डोळा लाल होऊन पाणी गळते, त्याच बाजूचे नाक चोंदते. पंधरा मिनिटांपासून तीन तासांपर्यंत ती टिकते, आणि काही आठवडे रोज ठराविक वेळी येते. अर्धशिशीचा रोगी निपचित पडतो. हा रोगी येरझाऱ्या घालतो. पुरुषांत ती अधिक आढळते. साध्या गोळ्यांचा तिला उपयोग होत नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली प्राणवायू दिल्याने मात्र अनेकांना आराम पडतो.

आता दुसऱ्या गटाकडे वळू. त्यातील एक डोकेदुखी आपण स्वतः विकत आणतो. डोके दुखले की दुकानातून गोळी, असे महिन्यात दहा-पंधरा दिवस तीन महिन्यांहून अधिक काळ चालले, तर ती गोळीच डोकेदुखीचे कारण बनते. आपल्या माताभगिनींत हा प्रकार बराच दिसतो, कारण स्वतःसाठी डॉक्टरांकडे जाण्यास त्यांना सवड नसते. घरातील पुरुषांनी गोळीचे रिकामे पाकीट पाहिले तर ते फेकण्याआधी जरा विचारपूस करावी.

काही गैरसमजही दूर केले पाहिजेत. डोळ्यांच्या नंबरामुळे वाचनानंतर कपाळ दुखू शकते, म्हणून डोळे जरूर तपासावेत. परंतु प्रत्येक डोकेदुखी चष्म्याने जात नाही. ज्याला लोक सायनस म्हणतात ती बहुतेक वेळा अर्धशिशीच निघते. खऱ्या सायनसच्या दुखण्यात घट्ट पिवळा शेंबूड, ताप, चेहरा दुखणे ही लक्षणे असतात. साधारण वाढलेल्या रक्तदाबाने सहसा डोके दुखत नाही. सबब डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब ठीक आहे, असे कोणी समजू नये.

आता धोक्याच्या खुणा. या मात्र पाठ कराव्यात.

एखाद्या क्षणी वीज कोसळल्यासारखी, आयुष्यात कधी नव्हती अशी डोकेदुखी सुरू होणे. तापाबरोबर डोके दुखून मान ताठरणे किंवा गुंगी येणे. डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत जाणे. तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, फिट येणे. डोळा लाल होऊन दृष्टी अंधुक होणे व दिव्याभोवती वलये दिसणे. गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर तीव्र डोके दुखणे. बंद खोलीत शेगडी किंवा गॅस गीझर चालू असताना घरातील अनेकांचे एकदम डोके दुखणे. अशा वेळी सर्वांनी प्रथम मोकळ्या हवेत यावे, कारण तो विषारी वायू असू शकतो. यांपैकी काहीही दिसले तर बाम चोळीत बसू नये; १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

याशिवाय, दुखण्याने मूल झोपेतून जागे होत असेल, पहाटे उलट्या होत असतील, दुखणे आठवड्यागणिक वाढत असेल, चालताना तोल जात असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. पन्नाशीनंतर प्रथमच नवी डोकेदुखी सुरू झाली, विशेषतः चावताना जबडा दुखू लागला, तरीही तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. उशिराने दृष्टी जाण्याचा संभव असतो. आणि तापात मुलांना आपल्या मनाने अॅस्पिरिन कधीही देऊ नये.

शेवटी एक शिक्षकी सूचना. आपण मुलांचे हजेरीपत्रक ठेवतो, तसे डोकेदुखीचे ठेवा. एका वहीत तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती वेळ टिकली, कोठे आणि कसे दुखले, उलटी झाली का, त्या दिवशी जेवण व झोप कशी होती, कोणती गोळी घेतली, एवढे लिहा. मुलाला त्याच्या शब्दांत लिहू द्या. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांचे निम्मे काम होते.

शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे की वर्गात कोणी डोके धरून बसले तर त्याला उभे करण्यापूर्वी पाणी द्यावे आणि विचारावे, "बाळ, कसे दुखते? कधीपासून? सकाळी काही खाल्लेस का?" एखादा मुलगा बहाणाही करील, त्याने आपले फार तर पाच मिनिटांचे नुकसान होईल. पण खरोखर आजारी असलेल्या मुलावर अविश्वास दाखविला, तर पुढच्या वेळी ते आपल्याला काही सांगणारच नाही, आणि तेव्हा कदाचित सांगण्यासारखे फार मोठे काही असेल.