कण्याचा संधिवात : पुरुष किती, स्त्रिया किती?



तंजावरच्या सरफोजी महाराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नेत्ररोग्यांच्या नोंदी चित्रांसहित करवून ठेवल्या. रोगी नीट पाहिल्यावाचून रोगाची मोजदाद होत नाही. ज्या दुखण्याविषयी मी आज बोलणार आहे, त्याच्या मोजणीत नेमकी हीच उणीव फार काळ राहून गेली.

हा कण्याचा दाहक संधिवात. डॉक्टर मंडळी त्याला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. बहुधा तो चाळिशीच्या आतच सुरू होतो. पहाटे कंबर लाकडासारखी ताठरते. विश्रांतीने दुखणे वाढते आणि चालण्याफिरण्याने उतरते. ओझे उचलून लचकलेल्या कमरेचे याच्या अगदी उलट असते.

हा रोग दहा पुरुषांमागे एखाद्याच स्त्रीस होतो, असे पूर्वी पाठ्यपुस्तके सांगत. पुढे दोन-तीन पुरुषांमागे एक स्त्री, असे प्रमाण मानले जाऊ लागले. २००९ साली नवे निकष आले. क्ष-किरणांत काही दिसण्यापूर्वीच एम.आर.आय.मध्ये आढळणारी सूज त्यांत धरली गेली. आणि अशा आरंभीच्या रोग्यांत स्त्री-पुरुष जवळजवळ सारखेच निघू लागले. पुरुषांचे मणके अधिक वेगाने सांधले जातात, म्हणून ते फोटोत दिसत. स्त्रीचे दुखणे पुष्कळदा मानेत व अंगभर पसरते आणि फोटो स्वच्छ येतो.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सांधेदुखीची घरोघर पाहणी आरंभिली, तिचे महत्त्व येथेच आहे. दवाखान्यातल्या रांगेवरून मोजणी केली, तर जी रांगेत उभीच राहात नाही, ती गणतीत येणार कशी?

आपल्या घरांतही निराळे काय घडते? पहाटे दारात कोलम घालताना सून कण्हली, तर ‘बाळंतपणात शेक नीट घेतला नाही’ म्हणून सासूबाई मोकळ्या होतात. मुलगा कण्हला, की त्याला तत्काळ चेन्नईला नेतात! स्त्रियांचे निदान पुरुषांपेक्षा उशिरा होते, असे अनेक देशांत आढळले आहे. त्या वर्षांत दुखणे सोसावे लागते, ते निराळेच.

तेव्हा भगिनींनो, कंबरदुखी तीन महिन्यांहून अधिक टिकली, पहाटे ताठरणे असेल, किंवा मधूनच एखादा डोळा लाल होऊन ठणकत असेल, तर संधिवाततज्ज्ञास दाखवावे. एच.एल.ए. बी-२७ या रक्तचाचणीने एकटीने निर्णय होत नाही. ती खूण असूनही पुष्कळजण जन्मभर निरोगी राहतात. मात्र क्ष-किरणांचा फोटो स्वच्छ आला, एवढ्यावरून घरी परतू नये.