गटाचे ई-मेल सभासदांपर्यंत का पोहोचत नाही?

(द्राक्ष बागायतदारांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निर्यातीसाठी द्राक्षे पिकविणाऱ्यांना २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या उर्वरित अंशामुळे त्या हंगामात आपली द्राक्षे युरोपात अडली आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. कोणते औषध चालते, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, याची सूचना वेळेवर हातात पडणे किती मोलाचे असते, हे त्यावरून सर्वांना समजले. आज पुष्कळ गट अशा सूचना, प्रयोगशाळेचे अहवाल आणि खरेदीदारांची कागदपत्रे ई-मेल यादीवरून पाठवितात. गटाचा एक पत्ता असतो आणि त्या पत्त्यावर आलेले पत्र यादीतील सर्व सभासदांना आपोआप जाते. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, पण तेथे सुप्रभातच्या फुलांखाली अहवाल गाडला जातो आणि तीन महिन्यांनी शोधायला गेल्यास सापडत नाही.

अशा याद्यांबाबत नेहमीची तक्रार म्हणजे, चिटणीस सांगतात पत्र गेले आणि सभासद म्हणतात मिळाले नाही. दोघेही खरे बोलत असतात. पत्र गटाच्या सर्व्हरवरून निघते, पण सभासदाच्या दारात अडविले जाते. का अडविले, याचे उत्तर बहुतेक वेळा परत आलेल्या पत्रात लिहिलेले असते. मजकूर इंग्रजीत आणि किचकट असल्याने ते न वाचताच काढून टाकले जाते. तसे करू नये. त्यात तीन आकडी अंक शोधावा. तो ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते. सर्व्हर स्वतःच काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा समजावा. ५५० आणि त्यापुढे ५.१.१ असे असल्यास तो पत्ताच अस्तित्वात नाही. बहुधा पत्ता लिहून घेताना एखादे अक्षर चुकलेले असते.

मात्र ५५० च्याच नकारात डीमार्क हा शब्द दिसला, तर दोष त्या सभासदाचा नसतो. हा प्रकार थोडा नीट समजून घेऊ.

ई-मेलमध्ये पाठविणाऱ्याचे नाव कोणीही काहीही लिहू शकतो. ही फसवणूक रोखण्यासाठी तीन व्यवस्था आहेत. पत्त्यातील ‘अ‍ॅट’च्या खुणेनंतरच्या भागाला डोमेन म्हणतात. आमच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, ही यादी डोमेनचा मालक जाहीर करतो; तिला एसपीएफ म्हणतात. पत्रावर लाखेच्या मोहरेसारखी खूण उमटविली जाते, ती डीकेआयएम. वाटेत मजकूर बदलला की मोहोर फुटते. आणि पाठविणाऱ्याच्या डोमेनशी जुळणारी या दोन्हींपैकी एकही गोष्ट नसेल तर पत्राचे काय करावे, ही मालकाची सूचना म्हणजे डीमार्क.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी ‘न जुळल्यास पत्र नाकारा’ अशी सूचना जाहीर केली. त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. फसवी पत्रे रोखण्याचा हेतू चांगला होता, पण जगभरच्या ई-मेल याद्या त्यात कोलमडल्या. समजा, याहूचा पत्ता असलेल्या सभासदाने गटाला पत्र लिहिले. गटाचा सर्व्हर ते त्याच्याच नावाने तीनशे जणांना पाठवितो. पण हा सर्व्हर याहूच्या यादीत नाही. शिवाय विषयाच्या आधी गटाचे नाव आणि तळाशी दोन ओळी जोडल्याने मोहोरही फुटते. मग जीमेलसारखे सर्व्हर पत्र नाकारतात. पुढची गंमत अशी, की अनेक यादी-प्रणाली परत आलेल्या पत्रांची मोजदाद ठेवतात आणि ठराविक संख्येनंतर त्या सभासदाचे टपाल बंद करतात. म्हणजे पत्र लिहिले याहूवाल्याने आणि यादीतून गेला जीमेलवाला. चोर सोडून संन्याशाला फाशी!

यावर उपाय आहे. यादीच्या प्रणालीत पाठविणाऱ्याच्या जागी गटाचा पत्ता घालण्याची सोय असते. ‘अमुक, गटामार्फत’ असे नाव दिसते आणि उत्तराचा पत्ता मूळ सभासदाचा ठेवता येतो. मेलमन या प्रणालीत २०१४ पासून डीमार्कसाठी स्वतंत्र पर्याय आहे. गूगल ग्रुप्स अशा डोमेनच्या पत्रांबाबत हा बदल स्वतःच करते. हा बदल केल्यावर बंद पडलेल्या सभासदांचे टपाल पुन्हा चालू करावे लागते. ही पायरी हमखास राहून जाते.

गटाचे स्वतःचे डोमेन असेल तर त्याची कागदपत्रेही पूर्ण हवीत. एका डोमेनला एसपीएफची नोंद एकच असावी. बिलांसाठी नवी सेवा घेतली आणि तिच्या माणसाने दुसरी नोंद टाकली, की दोन्ही निरुपयोगी ठरतात. नवा सर्व्हर जुन्या नोंदीतच समाविष्ट करावा. डीमार्क प्रथम केवळ अहवाल मागविणारे ठेवावे आणि सर्व जुळते आहे याची खात्री झाल्यावरच कडक करावे. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठविणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एकाची अपेक्षा ठेवली आहे. दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना तर तिन्ही आवश्यक आहेत.

त्याच नियमांत स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवण्यास सांगितले आहे. यात सभासदांचा हातभार लागतो. गटाची पत्रे नको असतील तर यादीतून नाव कमी करून घ्यावे. स्पॅमचे बटण दाबल्यास सबंध गटाच्या पत्रांकडे संशयाने पाहिले जाते. उलट हवे असलेले पत्र स्पॅममध्ये सापडल्यास ‘स्पॅम नाही’ दाबावे. जीमेलची मोफत १५ जीबी जागा छायाचित्रांसह मोजली जाते. बागेचे व्हिडिओ साठवून ती भरली तर नवी पत्रे परत जातात. करप्याची छायाचित्रेही यादीवर थेट जोडू नयेत, दुवा द्यावा.

गोडी छाटणीच्या आधी, कामाची गर्दी नसताना, यादीची एकदा चाचणी घ्यावी. एक पत्र जीमेलच्या व एक याहूच्या सभासदाकडून यादीवर लिहून घ्यावे. संगणकावर जीमेलमध्ये पत्राच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर ‘शो ओरिजिनल’ उघडल्यास एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क यांच्यापुढे पास की फेल ते दिसते. सर्व सभासदांना पोच कळविण्यास सांगावे आणि ज्यांची पोच दोन दिवसांत येणार नाही त्यांना चिटणिसांनी फोन करावा.