पुडी दिली, म्हणजे झाले का?

(नाशिक येथील साहाय्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)



राज्याचे आदिवासी विकास आयुक्तालय आपल्या नाशिकमध्येच आहे. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या भागांतील कितीतरी मुले आश्रमशाळांत राहून शिकतात. त्यांच्यापैकी ज्यांचे पोट महिनोन्‌महिने बिघडलेले असते, त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

समजा, पंधरा वर्षांचा मुलगा आहे. सारखे जुलाब होतात, शौचातून आव आणि रक्त पडते, वजन घटते, उंची खुंटते. लाजेमुळे तो कोणाला सांगत नाही. कळले तरी घरचे म्हणतात, उष्णता असेल, मूळव्याध असेल. कधी रक्त तपासले, तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी निघते. पुडी मिळते आणि सर्वांना वाटते, कारण सापडले.

तेथे थांबू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

ही कमतरता आपल्या देशात पुष्कळ आढळते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील सुमारे २४ टक्के मुलामुलींत ती दिसली. पण क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याला दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांतही ती वारंवार दिसते. हे जीवनसत्त्व अन्नातील स्निग्धांशाबरोबर लहान आतड्यात शोषले जाते. तेथे सूज असली की शोषण कमी होते. शिवाय आजारी मूल जेवत नाही, उन्हात खेळत नाही. म्हणून कमतरता ही कित्येकदा आजाराची खूण असते. तिच्यामुळेच आजार होतो, असे सिद्ध झालेले नाही. हाडांसाठी ती भरून काढायला हवीच, पण डॉक्टरांच्या सल्ल्याने. ६०,००० युनिटची पुडी बहुधा आठवड्याला एक देतात. ती रोज घेत राहिल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

आणखी एक गोष्ट. आतड्याचा क्षयरोग क्रोन्ससारखाच दिसतो. क्रोन्सवरचे स्टेरॉइड क्षयरोग्याला दिले, तर क्षय बळावू शकतो. म्हणून दुर्बिणीने आतडे पाहून, तुकडा तपासून मगच उपचार ठरवावे लागतात.

तेव्हा चार आठवड्यांहून अधिक जुलाब, शौचात रक्त, रात्री पोटासाठी उठावे लागणे, वजन घटणे, यांतले काहीही दिसले, तर मुलाला जिल्हा रुग्णालयात न्या. शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, त्यांनाही सांगा.

पाड्यावरून नाशिकला येणे म्हणजे एसटीचे भाडे आणि बापाची बुडालेली मजुरी. आणि फेरी एकच नसते. चांगल्या शोमरोन्याने जखम बांधली आणि तेवढ्यावर तो निघून गेला नाही. त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, खर्च दिला, परत येईन म्हणाला. आपले दान त्या फेऱ्यांसाठी लागणार आहे. ज्यांना पैसे देणे जमत नाही, त्यांनी रुग्णालयाच्या रांगेत त्या बापाबरोबर उभे राहावे. आणि या मुलांना प्रार्थनेत आठवावे.