किती वाजले नव्हे, किती वेळ झाला

एखादा प्रोग्रॅम सुरू होऊन किती वेळ झाला, हे काढताना बहुतेक जण काय करतात? सुरुवातीला घड्याळ बघायचं, शेवटी पुन्हा बघायचं आणि वजाबाकी करायची. हिशेब सोपा वाटतो, म्हणून कुणी तपासत नाही. समजा, इडलीपात्र चढवलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले होते. घड्याळ अर्थातच पंधरा मिनिटं पुढे. सात मिनिटांनी घरातल्या कुणा शिस्तीच्या माणसानं ते रेडिओशी जुळवलं. आता त्यात नऊ बावन्न झालेत, म्हणजे इडल्या ठेवून उणे आठ मिनिटं झाली! माणूस हसेल आणि झाकण उघडून बघेल. प्रोग्रॅमला ती सोय नाही. ओट्यावरचं वाळूचं घड्याळ मात्र फसत नाही. किती वाजले हे त्याला ठाऊकच नसतं. पण खाली पडलेली वाळू आपणहून वर चढत नाही. संगणकातही असा केवळ पुढे जाणारा गणक असतो. अवधी मोजायचा तर त्याच्यावरच, एवढाच माझा हट्ट आहे.

कुणी म्हणेल, सेकंदभरानं काय आभाळ कोसळतं? 1 जानेवारी 2017 रोजी, आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजत असताना, पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राखण्यासाठी जगाच्या घड्याळात एक जादा सेकंद घातला गेला. क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणाऱ्या प्रोग्रॅममध्ये त्या क्षणी वजाबाकी उणे आली. हा आकडा शून्याखाली जाणारच नाही असं लिहिणाऱ्यांनी धरलं होतं, आणि काही सर्व्हरांवर तो प्रोग्रॅम कोलमडला. तो गो भाषेत लिहिलेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या भाषेच्या 1.9 आवृत्तीत वेळेच्या नोंदीबरोबर पुढे जाणाऱ्या गणकाचीही नोंद ठेवायची सोय आली. आता आक्षेप असा की, जादा सेकंदाची पद्धत 2035 पर्यंत थांबवायचं ठरलंच आहे. ठरलंय, बरोबर. पण संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून एरवीही सावरलं जातंच, आणि वापरणाराही ते हातानं फिरवतो. भिंतीवरचं घड्याळ कुणी ना कुणी हलवणारच. म्हणून पुन्हा सांगतो, वाळूचं घड्याळ.

तेही नीट असायला हवं, आणि दिसायला हवं. 1991 च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धहरानला अमेरिकेची पेट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा होती. सुरू झाल्यापासूनचा वेळ ती सेकंदाच्या दशांशात मोजायची. मोजणी बरोबर होती. पण तिचे सेकंद करताना लागणारा एक दशांश द्विमान पद्धतीत पूर्ण मांडता येत नाही, आणि 24 बिटांत तो किंचित तुटायचा. यंत्रणा जितकी जास्त वेळ चालू, तितकी चूक मोठी. शंभर तासांनंतर ती सुमारे एक तृतीयांश सेकंद झाली होती. तेवढ्यात स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापतं. 25 फेब्रुवारीला एक स्कड निसटलं आणि 28 अमेरिकी सैनिक मारले गेले. याच्या चार दिवस आधी सूचना गेली होती की, यंत्रणा फार वेळ चालू राहिली तर लक्ष्य सरकू शकतं. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे सूचनेत नव्हतं. सुधारलेला प्रोग्रॅम 26 तारखेला पोचला. चालू तासांचा ठळक आकडा आणि शेजारी त्याची मर्यादा असती, तर निदान कुणाला तरी प्रश्न पडला असता.

आकडा कसा दाखवावा, हा वेगळाच विषय आहे. 2,59,200 सेकंद असं लिहिलं तर कुणाच्या लक्षात येणार? ‘3 दिवस’ लिहा. लॅपटॉप झोपलेला असतानाचा वेळ धरायचा की नाही, हाही प्रश्न आहेच, पण माझी मिनिटं संपत आली. तेव्हा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलामुलींनो, आज आपल्या कामात एकदा शोधून बघा: अवधी काढायला भिंतीवरचं घड्याळ कुठे वापरलंय का? सापडलं तर आजच बदला.