ठरावाखाली पत्ता हवा



 केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या जबाबदारीवर बोलायला आपण आरोग्य कार्यकर्ते मुंबईत जमलो आहोत, ते योग्यच. १८९६ मध्ये इथल्याच मांडवीत प्लेग उघडकीला आला आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. कोविड आला तेव्हाही देशाने आधी हाताशी घेतला तो हाच कायदा.

राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि दवाखाने राज्यांकडे सोपवले. महाराष्ट्रात खेड्यातले प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषद चालवते, शहरातला दवाखाना महापालिका.

मग दिल्लीकडे उरते काय?

पुष्कळ उरते. बंदरांवरचे क्वारंटाइन केंद्राचे. साथ एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊ नये, ही केंद्र-राज्यांची सामाईक जबाबदारी. नव्या औषधाला मंजुरी केंद्रीय औषध नियंत्रक देतात, ते बनवणाऱ्या कारखान्याचा परवाना मात्र बहुधा राज्याकडून मिळतो. त्यामुळे औषध सदोष निघाले की दोन्हीकडे बोट दाखवायला जागा राहते.

वाटणी नीट झाली की काय साधते, ते पोलिओने दाखवले. धोरण, लस आणि पैशांची जुळणी केंद्राने केली. बाळांच्या तोंडात थेंब घातले ते गावोगावच्या कार्यकर्त्यांनी. जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात शेवटचा रुग्ण सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले.

पण आरोग्य एका मंत्रालयात मावत नाही. औषधांच्या किमतींवर नियंत्रण रसायने व खते मंत्रालयाच्या अखत्यारीत, पिण्याचे पाणी जलशक्तीकडे, अंगणवाडी महिला व बालविकासकडे, कामगार विमा रुग्णालये श्रम मंत्रालयाकडे. आयुषचे तर २०१४ पासून वेगळे बिऱ्हाड. या सर्वांना एका टेबलाशी बसवणे, हे आरोग्य मंत्रालयाचे सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दिसणारे काम आहे.

पैशाचा हिशेबही मागायला हवा. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत तो १.८४ टक्के होता. त्यात केंद्राचा वाटा किती आणि राज्यांचा किती, हे दोघांनाही विचारले पाहिजे.

म्हणून प्रतिनिधींना एकच विनंती. या मंडपात होणाऱ्या प्रत्येक ठरावाखाली त्याचा पत्ता लिहावा: जिल्हा परिषद, महापालिका, राज्याचे मंत्रालय की दिल्ली. ‘शासनाने लक्ष द्यावे’ एवढ्यावर थांबणारा एकही ठराव इथे मंजूर करू नये.